दादा, तू ती सोयरीक मुद्दाम मोडली नव्हतीस

दादा, आपल्या घरात दुसऱ्यांदा वाढायची रीतच नव्हती. आय भाकरी मोडायची, एक तुकडा तुला, एक मला, आणि कालवण वाटून झालं की टोप आपल्यासमोर पालथा घालायची, म्हणजे आशेनं कुणी तिकडं बघू नये. बाबा गेले तेव्हा मी रांगत होते. डोंगरउताराची वरी-नाचणी, तीही रानडुकरांनी ठेवली तर आपली. भात सणाला. पावसाळ्यात टाकळ्याची भाजी आणि आंबील, आणि आंबील कमी पडली की आय म्हणायची, "आज माझा उपास हाय." इतके उपास कुठला देव मागतो, असं मी एकदा विचारलं आणि तू माझ्या पाठीत धपाटा घातलास. तेव्हा राग आला होता. देव कोणता ते तुला माहीत होतं, मला नव्हतं.

मिसरूड फुटायच्या आत तू मुंबईला गेलास. आधी भांडी घासलीस, मग टेबलं पुसलीस, आणि मग समुद्राकाठच्या एका बड्या हॉटेलात पांढरा कोट चढवून बेअरर झालास. तुझ्या पगारावर मी महाडच्या शाळेत गेले, मॅट्रिक झाले, वरंध घाट चढून पुण्याच्या कॉलेजात गेले. हे सगळं खरं आहे. हे मी कुणापुढंही सांगेन आणि मान वाकवून सांगेन.

पण परवा तुझ्या शोकसभेत तात्या जे बोलले ते खरं नाही. आपल्या वाडीचे तात्या, ज्यांनी माझ्यासाठी ते महाडचं स्थळ आणलं होतं, तेच. शाळेच्या पडवीत तुझा फोटो ठेवला होता. तात्यांनी उपरणं सावरलं आणि म्हणाले, "असा भाऊ होणे नाही! बहिणीचं शिक्षण सुटू नये म्हणून ह्या माणसानं सोन्यासारखं स्थळ युक्तीनं परतवलं. पाहुण्यांना मुद्दाम उपाशी उठवलं. जगानं येडा म्हटलं, ते सोसलं!" लोकांनी डोळे पुसले. वहिनी रडली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठणार होते, पण आयनं माझं मनगट असं धरलं की वळ उठला. म्हणून इथं लिहिते. लोकांनी वाचावं, पण आधी तू ऐक. तुला तर सगळ्यात जास्त माहीत आहे.

मी इंटरची परीक्षा देऊन घरी आले होते. वैशाखातली सुट्टी, तूही गावी आलेला. तात्या स्थळ घेऊन आले: महाडात कापडाचं दुकान, मुलगा कचेरीत कारकून. त्यांनी आपणहून मागणी घातली होती, कारण त्यांना शिकलेली सून हवी होती. मात्र किती शिकलेली, तेही त्यांचं ठरलेलं होतं. इंटर झाली तेवढं पुष्कळ. पुढं घर सांभाळायचं. तू हे ऐकून अंगणात नुसता नाचायचा बाकी होतास.

"शेवंते, महाडात पडशील गो! पक्कं घर, दारात आड."

"मला बी.ए. व्हायचंय, दादा."

"बी.ए. होऊन काय करणार हायस? आडातनं पाणीच वढणार ना? ते इंटरवर बी निघतंय."

हे तुझे शब्द. तात्यांच्या भाषणात हे आले नाहीत.

पाहुणे सुपारी फोडायला येणार म्हणजे जेवायला येणार. आयनं पुरण घालायचं ठरवलं होतं, केळीची पानं कापून ठेवली होती. तू म्हणालास, पुरण त्यांना घरोघर मिळतं, मी त्यांना साहेबाचं जेवण घालतो. झालं. शाळेतून मास्तरांचं टेबल आणलंस, दोन बाकं आणलीस. डाकबंगल्याच्या खानसाम्याची मनधरणी करून चिनी मातीच्या बश्या आणल्यास, काटे, चमचे, सुऱ्या आणल्यास. चादरीला नीळ घालून ती टेबलावर अंथरलीस. धोतर फाडून रुमाल केलेस आणि त्यांच्या घड्या घालून कमळं उभी केलीस. वाडीतल्या बायका ती कमळं बघायला दारात गर्दी करून उभ्या. एवढं मात्र खरं, दादा, ते टेबल फार देखणं दिसत होतं. तुझ्या हातात ती कला होती, आणि तू ती आपल्या माणसांना कधी दाखवली नव्हतीस.

कुळथाच्या कळणाचं तू सूप केलंस. रताळ्याची कटलेटं. गावठी कोंबडी आख्खी भाजून. आणि शेवटी कस्टर्ड, त्याची पूड मुंबईहून आणलेली. त्या कस्टर्डावरून आयचं आणि तुझं वाजलं.

"गणू, गोडाचं आदी वाढ रे. तोंड गोड झाल्याबिगर सुपारी फुटत नाय."

"गोड शेवटी येतं, आय. ती रीत हाय."

"कुनाची रीत?"

"साहेबाची."

"मग साहेबाशीच सोयरीक कर, जा!"

दिवेलागणीला गॅसबत्ती पेटवली आणि पाहुणे बसले. मुलाचे वडील अण्णा, त्याचे काका नाना, तो स्वतः, आणि मध्यस्थ म्हणून तात्या. मी आणि आय स्वयंपाकघराच्या दाराआड. तू पांढरा कोट घातलास, बटणं लावलीस, आणि हात पाठीमागं बांधून त्यांच्या मागं उभा राहिलास. तिथंच मला काहीतरी चुकतंय असं वाटलं. मुलीचा भाऊ पाहुण्यांसमोर असतो, हात जोडून, कमरेत वाकून, तोंडानं अखंड बोलत. तू भिंतीसारखा गप्प.

सूप आलं. नानांनी वाटीत डोकावून पाहिलं.

"हे काय? कळण का?"

"सूप, साहेब."

होणाऱ्या व्याह्याला तू साहेब म्हणालास! आयनं कपाळाला हात लावला.

त्यांनी दोन-दोन चमचे घेतले आणि थांबले. चारचौघांत पाहुणा थांबतोच. घरच्यानं म्हणायचं असतं, "घ्या ना, असं काय करता?" आणि मग त्यानं, नाइलाज झाल्यासारखं, सगळं संपवायचं असतं. तू काही म्हणाला नाहीस. जरा वाट पाहिलीस, आणि वाट्या उचलल्यास.

मग कटलेटं. तू अण्णांच्या डाव्या अंगाला वाकून बशी धरलीस. अण्णांनी रीतीप्रमाणं हात आडवा केला, "नको नको, राहू दे." तू म्हणालास, "बरं, साहेब." आणि पुढं सरकलास! थोरल्यानं नको म्हटल्यावर नाना कसे घेणार? तेही नको म्हणाले. बापानं आणि काकानं सोडल्यावर मुलगा कसा घेणार? तात्यांनी एक उचललं होतं, तेवढ्यात बाकीच्यांच्या कोऱ्या बश्या त्यांच्या नजरेला पडल्या, आणि ते कटलेट त्यांच्या हातात तसंच राहिलं, ना तोंडात जाईना, ना खाली ठेववेना.

"अगो शेवंते," आय माझ्या कानात कुजबुजली, "त्याला सांग, पुन्यांदा इचार म्हनावं. तिसऱ्यांदा इचार. मानसं उपाशी हायत."

मी दारातून तुझ्या कोटाचं टोक ओढलं. "दादा, आग्रह कर."

"गप ऱ्हा," तू तोंड न हलवता म्हणालास. "बेअरर बोलला की साहेब चिडतो."

बाकी राहिली कोंबडी. ती तू थेट त्यांच्या बश्यांत वाढलीस, तेव्हा मला वाटलं, चला, निदान आता तरी खातील. पण काटा-सुरी हातानं धरायची कशी ह्यावरच त्यांचं सगळं लक्ष. नानांच्या काट्याखालून तंगडी निसटली आणि टेबलावरून मुलाच्या मांडीवर गेली. मग तिघांनीही काटे-सुऱ्या ठेवल्या. व्यवस्थित माणसं ती, दुकानात कापडाची घडी घालणारी. काटा आणि सुरी शेजारी-शेजारी, सरळ रेषेत ठेवली, आणि घरचा माणूस "हातानं घ्या, संकोच नको" म्हणेल म्हणून मान वर करून बसली. आणि तू, दादा, काटा-सुरी शेजारी-शेजारी पाहिलीस. तुझ्या हॉटेलात त्याचा अर्थ एकच होता: साहेबाचं जेवण झालं. तू भरल्या बश्या उचलून आत आणल्यास! आय दारात आडवी झाली, तर तू तिला बगल देऊन गेलास, आणि चेहऱ्यावर असं समाधान की सगळं बिनचूक चाललंय.

कस्टर्ड आणेपर्यंत अण्णा उठले होते.

"साहेब, अजून गोड हाय," तू म्हणालास. आख्ख्या जेवणात तू आपणहून बोललास ते हे एकच वाक्य.

नाना धोतराचा सोगा सावरत म्हणाले, "आमच्याकडे पाहुण्याला तीनदा विचारतात हो. तुमच्याकडे एकदा विचारून ताट उचलतात. वाढायचं एवढं जिवावर आलं असेल तर मुलगी तरी कशाला देता?"

"नाना, तसं नाय, तसं नाय," तात्या हातात ते कटलेट घेऊन त्यांच्यामागं धावले.

तबकातली सुपारी तशीच. पोलादपूरच्या स्टँडवर शेवटची एस.टी. सुटेपर्यंत महाडकर भजी खात बसले होते आणि भजीवाल्याला सगळं सांगत होते. सकाळपर्यंत ही गोष्ट घाटाखाली-घाटावर पोचली. आणि तात्या, परवा भाषण केलंत ना? त्या संध्याकाळी परत येऊन अंगणात माझ्या भावाला काय म्हणालात, आठवतं? "गाढव आहेस. जन्मभर उष्टीच काढ." मी दाराआड होते. मी ऐकलं आहे.

मला हसू फुटलं होतं. लपवत नाही. माझं बी.ए. वाचलं होतं आणि मला आनंद झाला होता. तू मास्तरांच्या टेबलाशी बाकावर बसला होतास, कोटाचं एक बटण काढून, समोर ती धोतराची कमळं. माझं हसणं ऐकून तू मान वर केलीस.

"हस. हस तू. माझ्या टेबलाला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाय गो. गोऱ्या साहेबानं पाठ थोपटलेली हाय. आन आज माझ्याच घरात..."

मुद्दाम मोडणारा माणूस असा दिसतो का? मुद्दाम मोडणारा माणूस दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं महाडला जातो का? तू गेलास. पेढे घेऊन गेलास. दुकानाच्या पायरीवर दुपारपर्यंत बसलास, आणि त्यांनी तुला गादीवर बोलावलं नाही, पाणी विचारलं नाही, एकदाही. पेढे परत आणलेस. आय म्हणाली खा, तर तू ते गोठ्याकडं नेलेस. आणि संध्याकाळी मला म्हणालास, माझ्याकडं न बघता: "जा. शीक. आता तुला कोन करनार हाय? शिकून तरी घे."

ह्या वाक्यावर माझं बी.ए. उभं आहे. ह्यात त्याग नाही, दूरदृष्टी नाही, युक्ती तर मुळीच नाही. एका हरलेल्या माणसाचा हा त्रागा आहे. आणि मला तो पुरला. मी पुस्तकं बांधली आणि पुण्याला गेले.

मग वाडीनं तुझी जी थट्टा केली तिचाही मला राग आहे. लग्नाच्या पंगतीत तू बसलास की कुणीतरी ओरडायचंच, "पानं संभाळा रे, गणू आला!" पोरंसोरं हात आडवा करून तुला म्हणायची, "नको, साहेब." तू पंगतीला जायचं सोडलंस. भावकीच्या लग्नात मांडवाबाहेर उभा राहून अक्षता टाकायचास आणि घरी येऊन भाकरी खायचास. अरे, एकाला तरी एक ठेवून द्यायची होतीस! मुंबईहून तू ह्याच लोकांच्या पोरांना नोकऱ्या लावून दिल्यास, तुझ्या खोलीत झोपायला जागा दिलीस.

पण खरा राग पुढचाच. मी पास झाले, वाडीनं माझा सत्कार केला. हार माझ्यासाठी होता. आणि तात्या उठले आणि पहिल्यांदा ती नवी गोष्ट सांगितली: गणूनं सगळं ठरवून केलं होतं! लोक चकित. टाळ्या. तो हार त्यांनी माझ्या गळ्यातून काढून तुझ्या गळ्यात घातला, आणि तू, दादा, तू हसलास. मी तुझ्याकडं बघत होते, तू माझ्याकडं बघितलं नाहीस.

घरी येताना पऱ्ह्यावर, ओढ्याच्या काठी, मी तुला अडवलं होतं.

"दादा, तू खोटं का घेतलंस?"

"अगो, लोकं म्हनतायत, म्हनू दे. आदी येडा म्हनत होती, आता शाना म्हनतायत. तुझं काय जातंय?"

"माझं सगळं जातंय. वसतिगृहाच्या जिन्यातल्या दिव्याखाली मी बसले, तापात पेपर मी लिहिले, आणि पास झालास तू?"

"एक हार गेला तर येवढं?"

"हार नेऊन म्हशीला घाल. मला खरं पाहिजे."

तू चपला हातात घेऊन ओढा ओलांडलास. मला वाटलं, पटलं. पण पुढच्या होळीला तू स्वतःच ती गोष्ट सांगत होतास, रंगवून, हातवारे करून! "नानांचा काटा सरळ बगितला आन मनात म्हनलं, हीच येळ." मी उठून आत गेले. मग तू सांगायला लागलास की मी आत जायचं, आणि मी आत गेले की तुझा आवाज जरा खाली यायचा. असं आपलं चाललं होतं. एक दिवस तू माझ्यासमोर, घरात, कुणी नसताना म्हणशील, "नाय गो, चुकलंच होतं ते माझं," ह्याची मी वाट बघत होते. तेवढंच हवं होतं. लोकांना नंतर मी सांभाळलं असतं. आणि तू मुंबईत ताप घेऊन पडलास आणि गेलास. मी पोचले तेव्हा तुझ्या पायांची बोटं बांधलेली होती. भांडण अर्धं टाकून कुणी जातं का? लहानपणी मला बोलायचास, अर्ध्यातून उठू नये, पानाचा अपमान होतो. मग?

तुला संत करून ठेवलाय आता. संताशी भांडता येत नाही. मला माझा भाऊ परत पाहिजे, तो बावळट, हट्टी, पेढे घेऊन पायरीवर बसणारा. त्याचं प्रेम खरं होतं. हा तात्यांचा युक्तिबाज गणू मला ओळखीचासुद्धा नाही.

आणि तुझं खरं मोठेपण तुला कधी दिसलंच नाही. मी शेवटच्या वर्षाला असताना बिरवाडीच्या बिजवराची माणसं आली होती. आय रडून सांगत होती, वहिनी समजावत होती, तात्या सकाळ-संध्याकाळ ओटीवर. मी सगळ्यांना नाही म्हटलं आणि कुणीही ते नाही म्हणून ऐकलं नाही. पाहुण्याच्या ताटाची रीत हे लोक मुलीलाही लावतात: पहिलं नाही लाजेचं, दुसरं रीतीचं, तिसऱ्यांदा विचारा म्हणजे घेईल. पलीकडच्या वाडीतली माझ्या वर्गातली मुलगी अशीच विचारून-विचारून उजवली. ती वहीत माझ्यापेक्षा सुंदर अक्षर काढायची. आता तिच्या हातात लेखणी नाही.

तू मुंबईहून आलास, अंगणात चपला काढल्यास, मला हाक मारलीस.

"शेवंते, बिरवाडीचं करतेस?"

"नाही."

"बरं."

ओटीवर जाऊन तू त्यांना सांगितलंस, "ती नाय म्हनते." तात्या म्हणाले, "अरे, पोरी नाहीच म्हणतात, जरा जोर लाव." तू म्हणालास, "इचारलं. नाय म्हनाली." आणि तू हातपाय धुवायला गेलास. संपलं. पुन्हा त्या विषयाचा शब्द तुझ्या तोंडून आला नाही, आणि घरात तू कुणाला येऊही दिला नाहीस.

तुला ह्यात काही विशेष वाटलं नसणार. ज्या घरात दुसऱ्यांदा वाढायला काही नसे त्या घरात तू जन्मलास, आणि जिथं एकदाच विचारतात तिथं वाढायला शिकलास. नको म्हणजे नको, एवढंच तुला ठाऊक. त्या एका संध्याकाळी ह्यानं तुझी फजिती झाली. पण कुलाबा जिल्ह्यात माझ्या वयाच्या किती मुलींना असा भाऊ मिळाला? हे सांगायचं होतंस रे, सभेत, हार घालून! हे खरं होतं, तुझं होतं, आणि माझ्याकडून काही हिसकावून घेत नव्हतं. ह्याला मी टाळ्या वाजवल्या असत्या. तू हे टाकून ते खोटं पांघरलंस. म्हणून मी चिडले आहे, आणि तू नाहीस म्हणून दुप्पट चिडले आहे.

तात्यांनी पुढच्या सभेत काय सांगायचं ते सांगावं. मी समोर असेन, आणि ह्या वेळी आयनं मनगट धरलं तरी बोलेन.

दादा, पगार तुझा होता, अभ्यास माझा होता, आणि मोडलेली सोयरीक ही चूक होती. मी मराठी घेऊन दुसऱ्या वर्गात बी.ए. झाले. पोलादपूरच्या हायस्कुलात शिकवते. आपल्या वाडीतलं पदवी घेतलेलं पहिलं माणूस मी आहे.